रात्री दीड वाजता डोक्यातलं चक्र थांबत नाही, काय करू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वय ३४, इंदिरानगरला राहता, अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहात, मुलगी पहिलीत. दिवसभर कामं नीट होतात पण रात्री अंग टाकलं की डोकं सुरू. मीटिंगमध्ये सर 'बघू नंतर' म्हणाले ते का म्हणाले, सासूबाई जेवताना गप्प का होत्या, मुलीचा खोकला साधाच आहे ना, असं फिरत फिरत दीड-दोन वाजतात. मिस्टरांना उठवून विचारता, ते म्हणतात काही नाही गं, तू विचार करणं बंद कर, त्याने पाच मिनिटं बरं वाटतं आणि परत तेच. मेडिटेशनचं ॲप घेतलं, चार दिवस केलं, डोक्यात उलट गोंधळ वाढला म्हणून सोडलं. आणि शेवटी विचारलंय की विचार कायमचे बंद करायचा काही उपाय आहे का.

मी गेली २१ वर्षं नाशिकमध्ये समुपदेशन करतेय आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून जवळजवळ रोज ऐकते. तर सरळ सांगते, विचार बंद करायचा उपाय नाही, आणि तो शोधत बसणं हाच तुमचा अर्धा त्रास आहे. हे वाचून निराश होऊ नका, कारण जे होण्यासारखं आहे ते याच्यापेक्षा सोपं आहे.

आधी मिस्टरांच्या सल्ल्याचं बघू, कारण तो प्रत्येक घरात दिला जातो आणि अगदी प्रेमानेच दिला जातो. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला, लोकांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिली तेव्हा त्यांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. कारण एखादा विचार येत नाहीये ना हे तपासायला मनाला त्याच विचारावर पहारा ठेवावा लागतो, मग तो जाणार कुठे. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं लोकांना मनगटाला रबरबँड लावून, नको तो विचार आला की झटका मारायला सांगायचे, तेव्हा ती पद्धत चालायची. लोक यायचे, मनगटं लाल झालेली आणि विचार तिथेच. मी ते सांगणं सोडलं, आणि तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्हीही करू नका.

आता मुख्य गोष्ट. विचार येणं आणि विचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो म्हणून सगळा घोळ होतो. तुम्ही आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात कितीदा तरी उभ्या राहिल्या असाल. गाडीवाले ओरडत असतात, धुळे धुळे धुळे, मालेगाव, पुणे बसा पुणे. तो आवाज कानावर येणारच, तो काही तुम्ही थांबवू शकत नाही, पण तुम्हाला पुण्याला जायचंच नसेल तर तुम्ही तिथून चालत पुढे जाता. ज्या क्षणी तुम्ही थांबून 'किती घेणार?' विचारलंत, त्या क्षणी तो तुमची बॅग हातात घेतो. विचाराचंही तेच आहे. येणं आपल्या हातात नाही, त्याच्याशी भाव करायला थांबणं मात्र आपण करतो, आणि ते इतक्या सवयीने करतो की आपण काही केलं असं वाटतच नाही, वाटतं ते आपोआप होतंय.

हे मी सेशनमध्ये कसं दाखवते ते तुमच्याच उदाहरणावर करून बघू. रात्री १ वाजून ४० मिनिटं. पहिलं वाक्य आलं, 'सरांना माझं बोलणं आवडलं नाही.' हे आलं, याच्यात तुमचा काही हात नाही. मग दुसरं, 'म्हणजे मागच्या ऑडिटचं अजून त्यांच्या डोक्यात आहे.' हे आलेलं नाही ताई, हे तुम्ही पहिल्याला दिलेलं उत्तर आहे. तिसरं, 'मार्चमध्ये अप्रेझल आहे.' चौथं, 'इन्क्रिमेंट नाही मिळालं तर घराचा हप्ता कसा निघणार.' पाचवं, 'आणि मुलीची फी.' बघा, सर दोन शब्द बोलले, 'बघू नंतर', आणि दोन मिनिटांत आपण बँकेच्या हप्त्यापर्यंत पोहोचलो. पाचातलं एक आलेलं, चार आपण केलेले. आपली सगळी मेहनत या दुसऱ्या वाक्यापाशी करायची आहे, पहिल्यापाशी नाही. पहिलं येऊ दे, रोज येऊ दे.

हे रात्रीच का होतं असं सगळे विचारतात. मेंदूला बाहेरचं काम नसलं की त्याचे काही भाग मिळून स्वतःबद्दल, मागच्याबद्दल, पुढच्याबद्दल गुंफण करत बसतात. मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला डिफॉल्ट मोड असं नाव दिलं, म्हणजे काही करायला सांगितलं नाही तर मेंदू आपोआप जे करतो ते. हा आजार नाही, सगळ्यांच्याच डोक्यात होतं, याच्यातूनच उद्याचं प्लॅनिंग होतं, माणसं आठवतात. दिवसभर तुम्ही गेज, रिपोर्ट, डबा, होमवर्क यात असता म्हणून त्याला जागा मिळत नाही, पाठ टेकली की पहिल्यांदा जागा मिळते. शिवाय अर्धवट राहिलेली गोष्ट मन सोडत नाही, ब्लुमा झायगार्निक यांनी १९२७ सालीच हे मांडलं होतं की अर्धवट कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. आणि 'बघू नंतर' याच्याइतकं अर्धवट वाक्य दुसरं कुठलं असेल.

पण हे सगळं कळूनही माणूस दुसऱ्या वाक्यापाशी थांबत नाही, आणि का थांबत नाही हे मला एका शेतकरी दादांकडून नीट समजलं. पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे, द्राक्षाची बाग. ओळख पटेल असं बाकी काही सांगत नाही. फेब्रुवारीचे दिवस, माल काढणीला आलेला, आभाळ भरून यायला लागलं की त्यांची झोप जायची. रात्री दोन-अडीचला उठून मोबाईलवर तीन वेगवेगळे हवामानाचे ॲप बघायचे, एकात ढग दिसला की दुसरं उघडायचं. आता बघा, त्यांची भीती खोटी नव्हती. काढणीच्या तोंडावर पाऊस झाला तर मणी तडकतात, गारा पडल्या तर वर्षाचं पीक एका तासात जातं, निफाड-दिंडोरीत हे सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळे त्यांना 'उगाच काळजी करता' असं म्हणायची माझी हिंमतच नव्हती, आणि ते बरोबरही नसतं.

मी फक्त विचारलं, दादा, मागच्या सीझनमध्ये रात्री अंथरुणात पडल्या पडल्या घेतलेला एक निर्णय सांगा, जो सकाळी उपयोगी पडला. ते बराच वेळ गप्प बसले. फवारणी कधी घ्यायची, व्यापाऱ्याला लवकर बोलवायचं का, मजूर वाढवायचे का, हे सगळे निर्णय सकाळी बागेत उभं राहून किंवा सल्लागाराशी फोनवर बोलून घेतलेले होते. रात्रीचा एकही नव्हता. मग ते जे बोलले ते मी तेव्हाच कागदावर लिहून घेतलं होतं, 'मॅडम, मला वाटतं मी जागा राहिलो नाही आणि त्याच रात्री गारा पडल्या, तर मी बापाच्या बागेशी बेइमानी केली.'

हे आहे खरं कारण. आपल्याला आतून वाटतं की काळजी करणं म्हणजे राखण करणं. जो काळजी करतो तो जबाबदार, जो निवांत झोपतो तो बेफिकीर. बायकांना तर हे लहानपणापासून शिकवलेलं असतं, आईला झोप कशी लागते, मूल खोकतंय ना. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ॲड्रियन वेल्स यांनी याच्यावरच अख्खी उपचारपद्धत उभी केली, त्यांचं म्हणणं असं की विचाराचा विषय काय आहे यापेक्षा विचार करत राहण्याबद्दल आपली समजूत काय आहे ते धरा. तुमच्या मनात कुठेतरी असेल की मी सगळ्या शक्यता आधीच तपासल्या तर मला धक्का बसणार नाही. ताई, ही राखण नाही. मन चिंती ते वैरी न चिंती असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही, आपण रात्रभर स्वतःलाच ते सगळं दाखवत बसतो जे शत्रूही दाखवणार नाही, आणि सकाळी कामाच्या वेळी नेमके थकलेले असतो.

त्या दादांना मी वहीत दोन रकाने करायला सांगितले, डावीकडे रात्रीचा विचार, उजवीकडे सकाळी त्याचं काय झालं. तीन आठवडे लिहिलं. पुढच्या वर्षी खरंच अवकाळी आला, थोडा माल गेला. ते मला म्हणाले की रात्री झोपलो होतो म्हणून पहाटे पाचला बागेत जाऊन काय वाचतंय ते डोकं शांत ठेवून बघू शकलो. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण वाईट गोष्टी घडतातच, मी तुम्हाला 'काही होणार नाही' असं सांगणार नाही.

आता तुमच्यासाठी काय. मी एकच गोष्ट नीट करायला सांगणार आहे, बाकीच्या तिच्या मदतीला. तिला आम्ही चिंतेची वेळ म्हणतो, थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने १९८३ मध्ये ती मांडली आणि आजही मी सगळ्यात जास्त हीच वापरते.

रोज संध्याकाळी साडेसहा ते सातला दहा कमी, वीस मिनिटं, म्हणजे कंपनीतून येऊन हातपाय धुऊन झाल्यावर आणि कुकर लावायच्या आधी. जागा ठरलेली, डायनिंग टेबलची एक खुर्ची किंवा गॅलरीतली, बेडरूम अजिबात नाही. एक साधी दोनशे पानी वही. दिवसभरात किंवा रात्री काहीही डोक्यात आलं की एका ओळीत नोंद, 'सर – बघू नंतर', 'आई गप्प', 'खोकला'. फक्त दोन-तीन शब्द, आणि मनात म्हणायचं, आलास, ठीक आहे, साडेसहाला बोलू. विचार हाकलायचा नाहीये हे लक्षात घ्या, त्याला वेळ द्यायची आहे. हाकलला तर तो अस्वल होऊन परत येतो, वेळ दिली तर बहुतेकदा मानतो. पहिल्यांदा नाही मानणार, चाळीस वेळा येईल, चाळीस वेळा तेच सांगायचं. आपल्या नाशिकच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं काढली असं आपण मानतो, त्यांनी मनाला समजावणारे श्लोक लिहिले ते २०५ आहेत. एकदा सांगून मन ऐकत नाही हे त्यांनाही माहीत होतं, तर आपण चौथ्या दिवशी का हरायचं.

साडेसहाला वही उघडली की एकेका ओळीपुढे एकच प्रश्न, याच्यात येत्या दोन दिवसांत मी हाताने किंवा तोंडाने करण्यासारखं काही आहे का? असेल तर ते कृतीच्या भाषेत आणि वेळेसकट लिहायचं. 'सरांशी बोलायला पाहिजे' हे चालणार नाही, ते परत अर्धवटच राहतं. 'उद्या चहाच्या सुट्टीनंतर सरांना विचारणार, सर त्या रिजेक्शनच्या प्रपोजलवर कधी बसूया, गुरुवारी चालेल का', हे चालेल. खोकल्यापुढे, 'शुक्रवारपर्यंत कमी नाही झाला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे', बस. आणि करण्यासारखं काहीच नसेल तर 'हातात नाही' असं लिहून पुढच्या ओळीवर. वीस मिनिटं भरायलाच पाहिजेत असं काही नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण दुसऱ्या आठवड्यात थोडे गोंधळून सांगतात की मॅडम, साडेसहाला बसलो पण सकाळी जे एवढं मोठं वाटत होतं ते आता वाटतच नाही. तेच तर बघायचं होतं. हे मी सांगून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं बघितलं की पटतं.

चुका कुठे होतात तेही सांगते. लोक हे रात्री दहाला पलंगावर करतात, मग ते झोपेचंच नुकसान होतं. काही जण पानंच्या पानं लिहितात, सर असं का म्हणाले, मी तसं का बोलले, माझ्याच बाबतीत असं का, हा तर कागदावर केलेला तोच घोळ झाला. 'का' या शब्दावर जरा लक्ष ठेवा. सुझन नोलन-होक्सेमा यांनी या रवंथ करण्यावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यात दिसलं की उदास मूडमध्ये कारणं आणि परिणाम उगाळत बसणाऱ्यांची उदासी लांबते. 'सर असं का म्हणाले' याला रात्री दोन वाजता उत्तर मिळूच शकत नाही कारण ते उत्तर सरांकडे आहे. वहीत 'का' दिसलं की त्याच्या जागी 'आता काय करू' किंवा 'कधी विचारू' असं लिहून बघा, वाक्यच बदलतं. आणि तिसरी चूक म्हणजे दिवस चांगला गेला की वही उघडायचीच नाही. उघडा, दोन मिनिटं का होईना, सवय चांगल्या दिवशीच लागते.

आता तुम्ही मिस्टरांना विचारता त्याबद्दल. हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्ही विचारता, ते म्हणतात काही नाही गं, तुम्हाला बरं वाटतं, आणि मग 'पण त्यांना कुठे माहीत आहे सरांचा स्वभाव' असं येतं आणि परत विचारावंसं वाटतं. हा दिलासा खाज आल्यावर खाजवण्यासारखा आहे, क्षणभर आराम आणि नंतर जास्त खाज. व्हॉट्सॲपचा आपण पाठवलेला मेसेज सात वेळा वाचून बघणं, ब्लू टिक आली पण उत्तर नाही म्हणून लास्ट सीन बघत राहणं, मुलीच्या कपाळाला परत परत हात लावणं, गुगलवर 'मुलांचा खोकला किती दिवस' शोधणं, हे सगळं त्याच घरातलं आहे. याच्यासाठी दोघांनी बसून एक ठरवा, म्हणजे भांडण होणार नाही. एका विषयावर एकदा विचारायचं, ते मनापासून एकदा उत्तर देणार, दुसऱ्यांदा विचारलंत की त्यांनी फक्त एवढंच म्हणायचं, 'हे वहीतलं आहे.' चिडून नाही, हात हातात घेऊन म्हटलं तरी चालेल. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला फार बेचैन होईल, राग येईल, ते होऊ दे. ती बेचैनी आपोआप चढते आणि आपोआप उतरते, आणि दिलासा न घेता ती उतरलेली तुम्ही एकदा अनुभवली की पुढचं सोपं जातं.

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे, तिथे वही नको, तोंड पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडताना सहज विचारा, 'आई, काल जेवताना बरं वाटत नव्हतं का?' त्यांचा गुडघा दुखत असेल, माहेरचा फोन आला असेल, किंवा खरंच तुमचं काही लागलं असेल. जे असेल ते दोन मिनिटांत कळेल. दुसऱ्याच्या मनातलं ओळखत बसण्यात आपण जेवढ्या रात्री घालवतो त्यातल्या निम्म्या एका साध्या प्रश्नाने वाचतात. एकदाच विचारायचं पण, त्या 'काही नाही गं' म्हणाल्या तर ते मान्य करायचं.

मेडिटेशनचं. तुम्ही डोकं रिकामं होईल या अपेक्षेने बसलात आणि ते भरलेलं दिसलं, म्हणून वाटलं जमत नाही. गोंधळ वाढला नव्हता, तो पहिल्यांदा दिसला. तरी मी तुम्हाला आत्ता श्वासाकडे बघत बसायला सांगणार नाही, काही लोकांना त्याने स्वतःकडेच जास्त लक्ष जातं आणि घाबरायला होतं. बरेच जण मला विचारतात की इगतपुरीला धम्मगिरीला दहा दिवस जाऊन येऊ का, जवळच आहे. विपश्यना गंभीर साधना आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे, पण झोप उडालेली असताना, मन फार अस्वस्थ असताना दहा दिवस मौनात बसणं ही सुरुवात नाही. जरा स्थिर झाल्यावर जा, आणि फॉर्ममध्ये मानसिक त्रासाबद्दल विचारतात तिथे काही लपवू नका.

त्याऐवजी आवाजांचा एक सराव करा, हाही वेल्स यांच्याच पद्धतीतला. दिवसा, दहा-बारा मिनिटं, डोळे उघडे. गॅलरीत उभ्या राहा. आधी एकच आवाज धरा, समजा शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आणि तिच्या मधली वाफेची फुसफूस. मग तो सोडून लांबचा, हायवेवरच्या ट्रकचा. मग खालच्या मुलांचा चेंडू भिंतीवर आपटतो तो. प्रत्येकावर अर्धा मिनिट. नंतर पटापट उड्या मारायच्या, कुकर, ट्रक, चेंडू, परत कुकर. आणि शेवटची दोन मिनिटं सगळे आवाज एकदम ऐकायचा प्रयत्न. मध्ये 'बघू नंतर' येईलच, त्यालाही एक आवाज समजा, तो चालू दे आणि तुम्ही चेंडूकडे जा. हे रिलॅक्स होण्यासाठी नाही, लक्ष कुठे न्यायचं ते आपल्या हातात आहे याची ही तालीम आहे. म्हणून हे काळजीच्या ऐन भरात, तिला दाबायला म्हणून करायचं नाही. रोज करा, महिनाभर, मग द्वारकेवरून न थांबता पुढे जाणं जमायला लागतं.

रात्रीचं आता. झोपायच्या तासभर आधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. मायकल स्कलिन यांच्या गटाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर लॅबमध्ये हे करून पाहिलं, उद्या करायची कामं लिहिणाऱ्यांना झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. नऊ मिनिटं कमी वाटतील, पण कागद आणि पेनाशिवाय त्याला काही लागत नाही. पडल्यावर साधारण वीस मिनिटांत झोप नाही लागली, अंदाजानेच, घड्याळ बघू नका, तर उठून हॉलमध्ये या. मंद दिवा लावून काहीतरी कंटाळवाणं काम, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करा, मेथीची जुडी निवडत बसा. डोळे जड झाले की परत आत. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये ही पद्धत दिली, उद्देश एवढाच की पलंग म्हणजे विचार करायची जागा अशी जी मेंदूची ओळख झालीय ती मोडायची. फोन हातात नको. आणि रात्र कितीही खराब गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच, रविवारीसुद्धा.

चहा मोजा. कंपनीत दोन, घरी आल्यावर एक, आणि पाहुणे आले की अजून एक. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, तेव्हा संध्याकाळच्या चहाचा काही भाग रात्री अकरालाही अंगात असतो. दुपारी तीननंतर बंद करून दोन आठवडे बघा. चालणं, अर्धा तास, कृषीनगरचा ट्रॅक असो, गोल्फ क्लबचं मैदान असो नाहीतर घराजवळची गल्ली, पण फोनवर बोलत नाही. छाती धडधडली तर पाच मिनिटं सावकाश श्वास, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. आणि एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. वाढलेल्या थायरॉइडने धडधड, बेचैनी, झोप न लागणं हे सगळं होऊ शकतं आणि बाई बिचारी स्वतःलाच दोष देत बसते.

एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची आहे, तिचं उत्तर मला नाही, स्वतःला द्या. ऑफिसात किंवा घरी खरंच कुणी सतत अपमान करतंय, धमकावतंय, असं आहे का? कारण कधी कधी प्रश्न विचारांचा नसतोच, परिस्थितीचा असतो, आणि मग वह्या भरून उपयोग नाही, तिथे माणसं आणि कायदा यांची मदत लागते.

आणि काही वेळा वाट बघायची नाही. सहा महिन्यांपासून बहुतेक दिवस असंच चाललंय आणि काळजी आवरतच नाही, भूक गेलीय, कामात चुका व्हायला लागल्यात, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. हात धुणं, कुलूप-गॅस तपासणं पुन्हा पुन्हा होत असेल तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचे वेगळे, चांगले उपचार आहेत. जगणं नको वाटत असेल तर आजच, १४४१६ हा टेली मानसचा सरकारी फोन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी आणू नका, अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांची सवय लागते आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात. डॉक्टरांनी चिंतेसाठी रोजची गोळी दिलीच तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, चार दिवसांत सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंदही करू नका. औषध घेणं म्हणजे मन कमकुवत असणं नाही, मी अनेकांना स्वतः पाठवते.

तुमच्या बाबतीत मला वाटतं वही आणि मिस्टरांबरोबरचा तो करार, या दोनवर आधी तीन आठवडे काढा, आवाजांचा सराव दुसऱ्या आठवड्यापासून जोडा. सगळं एकदम सोमवारी सुरू करू नका. आणि सरांना उद्याच विचारा हो, गुरुवारी बसूया का म्हणून. ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा.